मशी, सॉपी, स्लशी : ओल्या पोताचे आणि अतिभावुकतेचे इंग्रजी शब्द

ओल्या, लिबलिबीत, चिकट पदार्थांसाठी इंग्रजीत जी विशेषणे आहेत, त्यांतली बरीचशी अतिभावुकतेलाही लागतात. जास्त शिजून लगदा झालेली भाजी ‘मशी’, आणि लाडिक शब्दांनी ओथंबलेले प्रेमपत्रही ‘मशी’. अर्धवट वितळलेल्या बर्फाचा रेंदा ‘स्लशी’, आणि वाचकाला रडवण्यासाठीच रचलेली कादंबरीही ‘स्लशी’. ‘सॉपी’, ‘स्लॉपी’, ‘गूई’, ‘सॅपी’, ‘ट्रीकली’ हे शब्द त्याच कुळातले. या सगळ्यांत थट्टा किंवा तिरस्कार असतो, फक्त प्रमाण कमीजास्त.

तिरस्कार ओलेपणाचा नाही, आकार गेल्याचा आहे, हे या शब्दांचे मूळ पाहिले की कळते. ‘मश’ हे ‘मॅश’ म्हणजे कुस्करणे या शब्दाचे रूप. 17 व्या शतकात उत्तर अमेरिकेतील वसाहतींत मक्याच्या पिठाच्या घट्ट लापशीला हे नाव पडले. ‘सॉप’ म्हणजे दुधात किंवा रश्शात भिजवलेला पावाचा तुकडा. त्यावरून झालेला ‘मिल्कसॉप’ हा शब्द 14 व्या शतकात इंग्रज कवी चॉसरने भित्र्या, नेभळट पुरुषासाठी वापरला आहे. ‘सॉपी’ला 19 व्या शतकात केवळ ‘भिजून चिंब’ एवढाच अर्थ होता, भावनेचा अर्थ नंतर आला. पावाला स्वतःची घडण असते, दुधात पडला की ती उरत नाही. भावनेच्या आहारी गेलेल्या माणसाचेही तसेच होते, असे हे शब्द सुचवतात.

दुसरा गट गोडाचा आणि चरबीचा आहे. ‘ट्रीकल’ म्हणजे काकवीसारखा घट्ट काळा पाक. मूळ ग्रीक शब्द मात्र विषारी प्राण्याच्या दंशावरील उताऱ्याचा होता. पुढे कोणतेही औषधी चाटण आणि शेवटी नुसता पाक, अशी त्याची उतरंड झाली. ‘सॅकरिन’ म्हणजे नको इतका गोड, त्याचे मूळ आपल्याला जवळचे आहे. संस्कृतातली ‘शर्करा’ पालीत ‘सक्खरा’ झाली, तिथून ग्रीक आणि लॅटिनमार्गे इंग्रजीत गेली, म्हणजे आपली ‘साखर’ आणि हे विशेषण सख्ख्या नात्यातले. 1879 मध्ये कॉन्स्टंटिन फालबर्ग यांना सापडलेल्या कृत्रिम गोड रसायनाला याच मुळावरून नाव मिळाले, विशेषण त्याहून जुने आहे. ‘श्माल्ट्झ’ हा यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतला शब्द, अर्थ कोंबडीची कढवलेली चरबी. अमेरिकेत 1930 च्या दशकात तो गळेपडू संगीताला लागला आणि मग चित्रपटांनाही.

दोन महत्त्वाचे शब्द वेगळ्या वाटेने आले. ‘मॉडलिन’ हे येशूची शिष्या मेरी मॅग्डलीन हिच्या नावाचे बोलीतले रूप. पाश्चात्त्य चित्रकलेत ती पश्चात्तापाने अश्रू ढाळताना दिसते, त्यावरून रडवेपणाला तिचे नाव मिळाले. इंग्रज लेखक टॉमस नॅश याने 1592 मध्ये दारुड्यांचे आठ प्रकार सांगितले, त्यांत प्यायल्यावर प्रेमाने रडू लागणारा तो ‘मॉडलिन’. मद्याशी जडलेले हे नाते आजही सुटलेले नाही. ‘मॉकिश’चे मूळ जुन्या नॉर्स या स्कँडिनेव्हियातील भाषेमधल्या अळीच्या नावात आहे. आधी त्याचा अर्थ मळमळ आणणारा असा होता, नंतर मळमळ आणणारी भावुकता. समीक्षकाच्या हातातला हा सर्वांत कठोर शब्द. उलट ‘सॉपी’ ब्रिटिश घरांत प्रेमानेही म्हटला जातो.

आवाजाचाही यात वाटा आहे. ‘स्लाइम’, ‘स्लश’, ‘स्लॉप’, ‘स्लज’, ‘स्लॉबर’ या रेंदा, गाळ, लाळ अशा ओल्या गोष्टींच्या शब्दांच्या आरंभी ‘स्ल’ येतो; ‘स्क्विश’, ‘स्क्वेल्च’ उच्चारतानाच चिखलात पाय रुतल्यासारखे वाटते. असा अर्थसूचक ध्वनिगट ओळखून भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी 1930 मध्ये त्याला ‘फोनेस्थीम’ असे नाव दिले. हा नियम नव्हे, ‘स्लीप’ आणि ‘स्लेट’ यांत ओल कुठेच नाही. ‘मॉइस्ट’ म्हणजे ओलसर, हा शब्द तर अनेक इंग्रजीभाषकांना ऐकवत नाही. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानसशास्त्रज्ञ पॉल थिबोडो यांच्या अभ्यासात ही किळस उच्चारापेक्षा शरीरातील स्रावांच्या आठवणीशी जोडलेली आढळली.

‘सेंटिमेंटल’ हा शब्द मात्र मुळात निंदेचा नव्हता. 18 व्या शतकाच्या मध्यास तो कोमल, सुसंस्कृत मनाची खूण होता आणि लॉरेन्स स्टर्न यांनी 1768 मध्ये तो आपल्या प्रवासकथेच्या नावातच घेतला. पुढे उसन्या अश्रूंचा कंटाळा आला आणि शब्दाची पत गेली.

मराठीत आणताना खरी अडचण इथे येते. मराठीत ओल चांगली असते. मायेचा ओलावा असतो, दगडाला पाझर फुटतो, मन द्रवते. वाईट असतो तो कोरडेपणा. म्हणून इंग्रजीतली निंदा ‘ओला’, ‘आर्द्र’ या शब्दांनी उतरत नाही. ती पोताच्या शब्दांनी उतरते. ‘मशी’ला लिबलिबीत, ‘सॅकरिन’ला गुळमट, आणि कृतीसाठी पाघळणे. हे क्रियापद तुपाचे आणि माणसाचे एकाच वेळी आहे, इंग्रजी रूपकाच्या इतके जवळ जाणारे दुसरे मला दिसत नाही. ‘मॉडलिन’ला मात्र एक शब्द पुरत नाही, स्वतःची कीव करत रडणे असे सरळ सांगावे लागते.

ब्रिटनमध्ये 1980 च्या सुमारास मार्गारेट थॅचर यांच्या आर्थिक धोरणांना बिचकणाऱ्या त्यांच्याच हुजूर पक्षातील मंत्र्यांना ‘वेट्स’ म्हणत, आणि थॅचर यांच्या समर्थकांना ‘ड्राइज’. तिथे ‘ओले’ आणि ‘कोरडे’ असे शब्द ठेवले तर मराठी वाचकाची सहानुभूती थेट उलट बाजूला जाईल. ‘वेट्स’ना लेचेपेचे म्हणावे.