'दर्जा राज्यमंत्री'ची पार्श्वभूमी

खानदेशातल्या एखाद्या माजी आमदाराची महामंडळावर वर्णी लागली की जळगाव-धुळ्याच्या चौकांत फलक झळकतात. महामंडळाचं नाव बारीक अक्षरांत, 'दर्जा राज्यमंत्री' ठळक.

ही चढण इथे सगळ्यांच्या ओळखीची. बाजार समिती, जिल्हा परिषद, जमलंच तर जिल्हा बँक किंवा दूध संघ, मग विधानसभा. महामंडळं २००३ च्या आधीही होती, पण त्यांच्यासाठी आजच्याइतकी झुंबड नव्हती. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाला विधानसभेच्या १५ टक्क्यांची मर्यादा घातली. २८८ जणांच्या सभागृहात मुख्यमंत्री धरून ४३. जम्बो मंत्रिमंडळं गेली, इच्छुक तेवढेच राहिले. त्यांची सोय महामंडळांवर होऊ लागली आणि बातम्यांत तिला नाव पडलं 'पुनर्वसन'. सरदार सरोवरात अक्राणी-अक्कलकुव्याची गावं बुडाली, त्या नंदुरबार जिल्ह्यात हा शब्द असा सहज कसा वापरवतो, कोण जाणे.

आता 'दर्जा'. दर्जा म्हणजे पद नव्हे. त्याला शपथ नाही, खातं नाही, मंत्रिमंडळाच्या बैठकीत खुर्ची नाही. शासनाच्या आदेशाने गाडी, मानधन, कर्मचारी आणि दौऱ्यातला मानपान मिळतो. सरकार बदललं की दुसऱ्या आदेशाने तो जातोही. हरलेल्या उमेदवाराला दिला तर फक्त कुजबुज होते. विद्यमान आमदाराला दिला की घटनेचं १९१ वं कलम, म्हणजे 'लाभाचे पद', आडवं येतं. लाभ म्हणजे खिशात पडलेला पैसा, असा सर्वसाधारण समज. २००६ मध्ये खासदार जया बच्चन यांच्या अपात्रतेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो मोडला: पैसा घेतला की नाही हे गौण, पदाला तो लागू आहे का, एवढंच बघायचं. मात्र कोणती पदं या अपात्रतेतून वगळायची, हे ठरवणारा कायदा राज्यात १९५६ पासून आहे. त्याच्या यादीत पद घातलं की लाभ असूनही आमदारकीला धक्का नाही. यादी वाढवणारेही आमदारच.

जळगावच्या तापी पाटबंधारे विकास महामंडळाचं उदाहरण घ्या. १९९७ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळाच्या धर्तीवर ते आलं. अध्यक्ष खुद्द जलसंपदा मंत्री, त्यामुळे बाहेरच्याच्या वाट्याला फार तर उपाध्यक्षपद. त्याच्याच अखत्यारीतलं, अमळनेर तालुक्यातलं पाडळसे धरण तेव्हापासून रखडत आलं. दर काही वर्षांनी खर्च फुगतो आणि सुधारित प्रशासकीय मान्यतेसाठी, इथल्या बोलीत 'सुप्रमा'साठी, फाइल मुंबईला जाते. ती मान्यता देण्याचा अधिकार राज्यमंत्र्याच्या दर्जाबरोबर येत नाही.