लक्ष्य व साध्य (ख्रिस्ती साधना)

श्रद्धेचे अंतिम प्रयोजन आणि त्याकडे नेणारा रोजच्या जगण्यातला वेध यांत भेद करणारी ख्रिस्ती साधनाविचारातील संकल्पना. ‘स्कोपॉस’ (लक्ष्य) व ‘टेलॉस’ (साध्य) या ग्रीक शब्दांनी ती ओळखली जाते. तिची सर्वांत रेखीव मांडणी ख्रिस्ती संन्यासी व लेखक जॉन कॅसियन (सु. ३६०–सु. ४३५) याच्या चोवीस लॅटिन संवादांपैकी पहिल्यात आहे. हे संवाद सामान्यतः ४२० नंतरच्या दशकातले मानतात. ही शिकवण ईजिप्तमधील स्केटिस या वाळवंटी संन्यासी-वस्तीतील अब्बा (संन्यासी गुरू) मोझेसच्या तोंडी घातली आहे. परंतु कॅसियनने ईजिप्त सोडले ते बहुधा ३९९च्या सुमारास, म्हणजे लेखनाच्या दोन तपे आधी, त्यामुळे निदान शब्दरचना तरी कॅसियनची मानणे सयुक्तिक ठरते.

उगमाविषयी मतभेद आहेत. प्राचीन ग्रीक-रोमन स्टोइक पंथाच्या तत्त्वज्ञांनी हे दोन्ही शब्द वापरले होते व तिरंदाजाचा दृष्टांतही त्यांच्यात रूढ होता. मात्र त्यांच्या लेखी स्कोपॉस म्हणजे सुख आणि टेलॉस म्हणजे त्याच सुखाची प्राप्ती, तर कॅसियन अंतःकरणशुद्धी हे लक्ष्य आणि देवाचे राज्य हे साध्य असे दोन टप्पे मानतो. तो आधार घेतो प्रेषित पौलाचा (फिलिप्पै ३:१४, रोम ६:२२). अभ्यासक साल्वातोरे मार्सिली यांनी १९३६मध्ये कॅसियनवरील, ईजिप्तच्या वाळवंटातील संन्यासी लेखक एव्हाग्रियसचे (मृ. ३९९) ऋण तपशिलाने दाखविले. एव्हाग्रियसच्या ‘अपाथेइया’ (विकारशमन) या संज्ञेऐवजी कॅसियन शुभवर्तमानातील ‘अंतःकरणाची शुद्धी’ (मत्तय ५:८) योजतो आणि एव्हाग्रियसचे नाव कोठेही घेत नाही. तिसऱ्या शतकातील धर्मचिंतक ऑरिजेन याच्या मतांवरून उठलेले व एव्हाग्रियसलाही भोवलेले वादळ पाहता हे मौन समजण्याजोगे आहे. शब्द पवित्र शास्त्राचे, चौकट एव्हाग्रियसची, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

उपवास, जागरण, वाचन ही या विचारानुसार केवळ साधने होत. उपवासाने जे मिळते त्याहून रागाने अधिक जाते, आणि बंधूचा अवमान करून केलेल्या वाचनाचे फळ त्या हानीपुढे उणे पडते, असे कॅसियन बजावतो. मोठी संपत्ती सोडून आलेली माणसे पुढे एखाद्या सुईवरून वा बोरूवरून संतापतात, हे त्याचे निरीक्षण या संवादातील सर्वांत भेदक स्थळ होय, कारण त्यागाची कृती पुरी होऊनही तिचा हेतू कसा निसटतो हे त्यातून थेट कळते. मनाला तो पाणचक्कीची उपमा देतो : जाते थांबविता येत नाही, पण त्यात गहू घालायचा की तण, हे दळणाऱ्याच्या हाती असते.

पुढे सहाव्या शतकातील बेनेडिक्टच्या नियमावलीने या संवादांचे वाचन मठांत विहित केले. प्रॉटेस्टंट परंपरेत वेस्टमिन्स्टर लघुप्रश्नोत्तरीचा (१६४७) पहिलाच प्रश्न मनुष्याच्या मुख्य साध्याविषयी आहे. कॅसियनशी त्याचा थेट संबंध मात्र जोडता येत नाही. पूर्वेकडील चर्चमध्ये कॅसियनचे उतारे ग्रीक रूपाने वाचले गेले व १७८२च्या ‘फिलोकालिया’ या साधनापर लेखांच्या ग्रीक संग्रहात समाविष्ट झाले.