ईस्टरला कबरी फुलांनी सजवण्याची प्रथा (नाशिक)

ईस्टरच्या आदल्या संध्याकाळी किंवा त्या दिवशी भल्या पहाटे घरातल्या सगळ्यांनी मिळून दफनभूमीत जायचे, आपल्या माणसांच्या कबरी झाडून-धुऊन फुलांनी सजवायच्या, अशी मराठी ख्रिस्ती कुटुंबांतली रीत. कॅथलिक घरांत कबरींना भेट देण्याचा मोठा दिवस २ नोव्हेंबर. वसंतातली ही सजावट मात्र येशूच्या पुनरुत्थानाच्या, म्हणजे मरणातून पुन्हा उठण्याच्या, सणाला धरून येते. वसंतसंपातानंतरच्या (मार्चमध्ये दिवस-रात्र सारखी होतात, त्यानंतरच्या) पौर्णिमेमागून येणारा पहिला रविवार म्हणजे ईस्टर. त्यामुळे तारीख दरवर्षी सरकते, पण २२ मार्च ते २५ एप्रिल या मर्यादेतच.

प्रथेचे मूळ शुभवर्तमानातच, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रातच, सापडते. योहान सांगतो की येशूची कबर एका बागेत होती, आणि पहाटे तिथे आलेल्या त्याच्या शिष्येला, मग्दालिया मरीयेला, समोर उभा असलेला येशू आधी माळीच वाटला. कबर, बाग आणि पहाट अशी तिथूनच एकत्र आली. जर्मनीतल्या हेर्नहूट गावी १७३२ साली मोरावियन या प्रोटेस्टंट पंथाच्या तरुणांनी ईस्टरच्या पहाटे दफनभूमीत जमून गीते गायली. दफनभूमीतली सूर्योदयाची उपासना तिथून मिशनऱ्यांबरोबर दूरदूर पसरली.

नाशिकमधली ही रीत समजून घ्यायची तर शरणपूरला जावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडमधल्या मिशनरी संस्थेने वसवलेली ही वस्ती तेव्हा शहराबाहेर होती. आज ती भर शहरात आहे. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले इथे शिकली. त्यांच्यातला जेकब वेनराइट पुढे स्कॉटिश मिशनरी व संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या आफ्रिकेतल्या शोधमोहिमेत गेला. १८७३ साली लिव्हिंग्स्टन तिथेच वारला. देह इंग्लंडला नेण्याआधी त्याचे हृदय जिथे पुरले, तिथे प्रार्थना वाचली ती वेनराइटने, आणि शेजारच्या झाडावर नाव-तारीख कोरली तीही त्यानेच. परक्या मुलखात खूण करून ठेवणारा तो हात शरणपूरच्या शाळेत लिहायला शिकला होता, हे नाशिककरांनी विसरू नये.

सजावटीचे खरे काम शनिवारी ऊन उतरल्यावर सुरू होते. खराटा, बादली, चुन्याचा डबा आणि जुना टूथब्रश एवढे सामान पुरते. गाजर गवत मुळासकट उपटतात, कडांना चुना लावतात, कोरलेल्या अक्षरांत साचलेली माती ब्रशने काढतात. मातीची कबर असेल तर आधी ती ओली करतात, म्हणजे पाकळ्या चिकटून बसतात आणि वाऱ्याने उडत नाहीत. मग कडेने झेंडूची ओळ, मध्ये बांबूच्या दोन कामट्या सुतळीने बांधून केलेला क्रूस आणि त्यावर निशिगंध. लहान मुलाची कबर असली तर मोकळी जागा ठेवत नाहीत, सगळी फुलांनी झाकून टाकतात.

पाश्चात्त्य देशांत ईस्टरला थंडी सरत असते. आपल्याकडे चैत्राचा उन्हाळा तापू लागलेला असतो. तगर सकाळी दहालाच मान टाकते, झेंडू दोन दिवस टिकतो. फुलांची निवड या उन्हाने ठरवली आहे. मोगऱ्याचा हंगाम नुकता सुरू झालेला असतो आणि निष्पर्ण पांढऱ्या चाफ्याची फुले झाडाखालूनच वेचता येतात. मोगलांनी ज्या शहराला गुलशनाबाद म्हटले, तिथे फुलांना तोटा नाही. जानोरी-मोहाडीकडचे पॉलिहाउसमधले गुलाबही आता कबरींवर दिसतात. प्लास्टिकच्या कागदातला तयार गुच्छ ठेवून पाच मिनिटांत परतणे सोयीचे खरे, पण त्यात प्रथेचा गाभाच निसटतो. कारण झाडलोट चालू असतानाच आजी नातवंडांना सांगत असते, “बाळा, हे तुझे पणजोबा. आणि ही दगड नसलेली, ती माझ्या धाकट्या बहिणीची.” दगड नसलेली कबर या सांगण्यावरच ओळखू येते. ज्या घरात हे सांगणे थांबले, त्या घराची माणसे दोन पिढ्यांत हरवतात.

पहाटे अंधारातच मेणबत्त्या लावतात, उपासना होते, गीते होतात, आणि उजाडल्यावर ओळखीची घरे एकमेकांच्या कबरींपाशी जाऊन दोन फुले ठेवतात. सुकलेला झेंडू पुढच्या आठवड्यात गोळा करून कुंपणाकडेला टाकतात. पावसाळ्यात तिथे त्याची रोपे उगवतात. ती कोणी उपटत नाही.