कादलिक्क नेरमिल्लै

‘कादलिक्क नेरमिल्लै’ (प्रेम करायला वेळ नाही) हा १९६४ साली प्रदर्शित झालेला तमिळ प्रणय-विनोदी चित्रपट. दिग्दर्शक सी. व्ही. श्रीधर, निर्मिती त्यांच्याच ‘चित्रालया’ संस्थेची. लेखनात श्रीधर यांना ‘चित्रालया’ गोपू यांची साथ होती आणि विनोदाचा मोठा भार गोपूंनीच उचलला होता. छायाचित्रण ए. विन्सेंट, संगीत विश्वनाथन-राममूर्ती, गीते कण्णदासन.

तोवर श्रीधर यांचे नाव हळव्या कौटुंबिक कथांशी जोडलेले होते. ‘कल्याण परिसु’ (१९५९) हा त्यांचा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट त्रिकोणी प्रेमाचा, तर ‘नेंजिल ओर आलयम’ (१९६२) रुग्णालयात घडणारा. या दुसऱ्या चित्रपटावरून त्यांनीच हिंदीत ‘दिल एक मंदिर’ केला. अशा दिग्दर्शकाने पुढे निव्वळ हसवण्यासाठी, तेही ईस्टमनकलरमध्ये, चित्रपट काढावा हे धाडसच होते. तमिळमध्ये त्या काळी रंगाचा खर्च सहसा पौराणिक वा पोशाखी चित्रपटांवर होई. घरगुती गोष्टीसाठी कोणी तो करत नसे.

कथानक चिन्नमलै या गावातल्या विश्वनाथन नावाच्या श्रीमंत मळेवाल्याभोवती फिरते. कांचना आणि निर्मला या दोन मुली धनाढ्य घरी द्यायच्या, एवढाच त्याचा ध्यास. मुलगा चेल्लप्पा बापाच्या पैशावर सिनेमा काढायच्या नादात. विश्वनाथन आपल्याकडच्या अशोक या तरुणाला कामावरून काढतो. अशोक त्याच्याच दारासमोर तंबू ठोकून नोकरीसाठी गाणे म्हणत आंदोलन मांडतो. निर्मलावर जीव जडल्यावर मात्र तो बेधडक ठोकून देतो, की मी एका कोट्यधीशाचा एकुलता एक मुलगा. ती थाप निभावायला मित्र वासूला म्हातारा बाप बनवून आणतो. गंमत अशी, की वासूचे प्रेम कांचनावर. आणि वासूचा खरा बाप विश्वनाथनचा जुना स्नेही निघतो. मग एकाच घरात वासूला कधी व्याही व्हावे लागते, कधी जावई.

बापाची भूमिका टी. एस. बालैया यांची, चेल्लप्पा नागेश यांचा, वासू मुत्तुरामन यांचा. अशोक झालेले रविचंद्रन मलेशियातून आलेले, पडद्यावर अगदी नवे. कांचनाच्या भूमिकेत याच नावाची अभिनेत्री आहे; कांचना यांचाही हा नायिका म्हणून पहिलाच चित्रपट. त्याआधी त्या हवाईसुंदरी होत्या. निर्मला म्हणजे राजश्री.

तमिळ चित्रपटांत विनोदी नट बहुधा मुख्य कथेला समांतर असे वेगळे प्रसंग करी. ते कापले तरी गोष्ट अडत नसे. इथे तशी सोय नाही. विनोदी नट घरातलाच मुलगा आहे, आणि खरी फजिती होते ती बापाची. चेल्लप्पाच्या कंपनीचे नाव ‘ओहो प्रॉडक्शन्स’. हातात कथा नाही, भांडवल नाही; पण नायिका ठरलेली, मळ्याच्या व्यवस्थापकाची मुलगी (सच्चू). भांडवलासाठी तो बापाला भयपटाची गोष्ट ऐकवतो, तो प्रसंग तमिळ प्रेक्षकांच्या कायमचा लक्षात राहिला. पडद्यावर भूत दिसत नाही. नागेश तोंडाने आवाज काढत, हातवारे करत वातावरण उभे करतात आणि कॅमेरा बालैयांच्या चेहऱ्यावरची घाबरगुंडी टिपतो. कौतुक नागेश यांच्या वाट्याला जास्त आले. पण ऐकणारा इतका भेदरला नसता तर सांगणाऱ्याची डाळ शिजली नसती. बालैया तोवर खलनायक म्हणून गाजलेले, हे ध्यानात घेतले तर त्यांची भंबेरी आणखी मजेदार वाटते.

चित्रीकरणाचा बराच भाग तमिळनाडूतल्या पोळ्ळाचीजवळच्या आळियार धरण परिसरात झाला. गाण्यांचा बाज पाश्चात्त्य वाद्यमेळाचा आणि खेळकर. ‘विश्वनाथन, वेलै वेण्डुम’ (विश्वनाथन, नोकरी हवी) या आंदोलनगीतातले नाव संगीतकाराचेही असल्याने त्यावर तेव्हा कोट्या झाल्याच. पी. बी. श्रीनिवास, पी. सुशीला आणि एल. आर. ईश्वरी यांच्या जोडीला येसुदास यांचा कोवळा आवाजही यात ऐकू येतो.

चित्रपट जोरात चालला आणि कथानक इतर भाषांत गेले. तेलुगूत ‘प्रेमिंचि चूडु’ (१९६५) झाला. हिंदीत श्रीधर यांनीच ‘प्यार किये जा’ (१९६६) काढला. त्यात बाप ओम प्रकाश, सिनेमावेडा मुलगा मेहमूद, तर तोतया बाप किशोर कुमार. भुताची गोष्ट तिथेही आहे. कन्नडमध्येही पुढे एक आवृत्ती आली. २०२५ मध्ये याच नावाचा तमिळ चित्रपट प्रदर्शित झाला, पण त्याची कथा निराळी.

मराठी प्रेक्षकाला हे कथानक ओळखीचे वाटेल ते ‘धुमधडाका’मुळे (१९८५). ‘प्यार किये जा’वर बेतलेला हा महेश कोठारे यांचा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट. बालैयांच्या जागी शरद तळवलकर, नागेश यांच्या जागी लक्ष्मीकांत बेर्डे आणि मुत्तुरामन यांच्या जागी अशोक सराफ. मुत्तुरामन यांचा तोतया म्हातारा तसा बेताबेताने वागणारा आहे. सराफांनी त्याच्या तोंडी पाइप दिला, ठसका दिला आणि ‘व्याख्या विख्खी वुख्खू’ हे मूळ कथेत कुठेच नसलेले काहीतरी दिले.