आग विझवणाऱ्यांच्या शरीरात साठणारा धूर

लोटे-परशुराम किंवा महाडच्या औद्योगिक वसाहतीत सॉल्व्हंटच्या, म्हणजे पटकन पेटणाऱ्या द्रावक रसायनांच्या, साठ्याला आग लागते, तेव्हा ती विझवणाऱ्या जवानाच्या शरीरात धूर दोन वाटांनी शिरतो. पाठीवरच्या सिलिंडरमधून स्वच्छ हवा देणारा श्वसनसंच (बीए सेट) नाकातोंडाची वाट अडवतो; मान आणि जबड्याखालची त्वचा मात्र अनेकदा काजळीला उघडी राहते. त्वचा तापलेली आणि घामेजलेली असली की काजळीतली हायड्रोकार्बने अधिक वेगाने आत झिरपतात. कोकणात मे महिन्यातल्या दमट हवेत घाम वाळतच नाही, त्यामुळे जाड अग्निरोधक पोशाखाच्या आत शरीर निवत नाही आणि हृदयावरचा ताण वाढत जातो. आंबा-काजूच्या बागांकडे सरकणारा वणवा तासन् तास चालतो, तर सिलिंडरमधली हवा साधारण अर्धा तास पुरते. म्हणून तिथे बहुतेक वेळा तोंडाला रुमाल बांधूनच काम होते. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असते आणि असे पत्रे आगीत तडकून फुटले की त्याचे तंतू हवेत मिसळू शकतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2022 मध्ये अग्निशामकाचे काम कर्करोगकारक म्हणून पहिल्या, म्हणजे माणसात कर्करोग होतो असा पुरेसा पुरावा असलेल्या, गटात ठेवले. मेसोथेलिओमा (मुख्यतः अ‍ॅस्बेस्टॉसच्या तंतूंमुळे होणारा, फुफ्फुसांच्या आवरणाचा कर्करोग) आणि मूत्राशयाचा कर्करोग यांबाबतचा पुरावा तिने पुरेसा मानला. मेसोथेलिओमा संपर्कानंतर वीस-तीस वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा दिसतो, म्हणजे तोवर माणूस निवृत्त झालेला असतो. या आजाराचे निदान आणि त्याची भरपाई, दोन्ही अवघड होतात ती याच विलंबामुळे.

राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीनुसार अग्निशमन हे नगरपालिकांच्या कामांपैकी एक आहे आणि कोकणातल्या छोट्या नगरपरिषदांना त्याचा खर्च पेलणे कठीण जाते. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून केंद्राने 2023 मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी 5,000 कोटी रुपयांची योजना आणली, हे निश्चितच स्वागतार्ह आहे. माझा आग्रह एवढाच की अशा निधीतून नव्या बंबाबरोबर प्रत्येक जवानासाठी दुसरा पोशाख, ठाण्यातच धुलाईयंत्र आणि दरवर्षीची वैद्यकीय तपासणीही यावी, कारण काजळलेला पोशाख घरी नेला तर तीच रसायने घरच्यांपर्यंत पोचतात.

हक्काचा प्रश्न याहून जुना आहे. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्यापासून आपल्याकडे असे तत्त्व आहे की ठरावीक कामात ठरावीक आजार झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत तो कामामुळेच झाला असे मानायचे. 2025 मध्ये सामाजिक सुरक्षा संहितेने जागा घेईपर्यंत त्या कायद्याच्या यादीत बेंझीन या धुरातही असणाऱ्या रसायनामुळे होणारे आजार होते, पण अग्निशामकाचा पेशा म्हणून स्वतंत्र उल्लेख नव्हता. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांताने 2002 मध्येच अग्निशामकांच्या काही कर्करोगांना असे गृहीतक लागू केले. आपल्याकडेही ते लागू व्हावे आणि कंत्राटी जवानांनाही त्याचा लाभ मिळावा. त्यासाठी प्रत्येक आगीनंतर कोण किती वेळ कशाच्या धुरात होता याची नोंद व्हायला हवी, आणि कंत्राटदार बदलला तरी ती नगरपरिषदेच्या दप्तरी किमान चाळीस वर्षे जपली गेली पाहिजे.