ईजेबीत लोकल आणि रिमोट वेगळे का झाले

ईजेबी म्हणजे एंटरप्राइझ जावाबीन्स: सर्व्हरवरचा जावा प्रोग्रॅम घटकांतून रचायची पद्धत, आणि अशा घटकाला बीन म्हणतात. एखादं बीन त्याच सर्व्हरवरच्या कोडला वापरू द्यायचं (लोकल) की दुसऱ्या मशीनवरच्या क्लायंटलाही, म्हणजे कॉल करणाऱ्या प्रोग्रॅमलाही (रिमोट), हे आज एका ॲनोटेशनवर, म्हणजे कोडमधल्या छोट्या खुणेवर ठरतं. एंटरप्राइझ जावाबीन्सच्या पहिल्या आवृत्तीत हा पर्यायच नव्हता.

मूळ कल्पना रिमोट प्रोसीजर कॉलची. झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रातल्या अँड्र्यू बिरेल आणि ब्रूस नेल्सन यांचा १९८४चा शोधनिबंध तिचा पाया मानला जातो: दूरच्या मशीनवरचं फंक्शनही नेहमीच्या फंक्शनसारखंच कॉल करता यावं, मधलं नेटवर्क स्टबनं, म्हणजे दूरच्या फंक्शनच्या जागी उभ्या असलेल्या मध्यस्थ कोडनं सांभाळावं. १९९१मध्ये नेटवर्कवरच्या ऑब्जेक्टना जोडणारं कॉर्बा हे मानक आलं, तेही याच वाटेनं. पण १९९४ साली सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जिम वाल्डो आणि सहकाऱ्यांनी स्पष्ट बजावलं की जवळचा आणि दूरचा ऑब्जेक्ट एकसारखा मानूच नये. वेळ, मेमरी, अर्धवट बिघाड, सगळंच वेगळं असतं. त्या लेखकांत ॲन वोलरात होत्या. १९९७च्या जावा आरएमआयमागेही (जावातली रिमोट कॉलची सोय) त्याच होत्या. तिथं प्रत्येक रिमोट मेथडवर रिमोटएक्सेप्शन (रिमोट कॉल फसल्याची एरर) जाहीर करणं सक्तीचं झालं, आणि माझ्या मते ती सक्ती योग्यच होती.

१९९८च्या ईजेबी १.०मध्ये मात्र प्रत्येक बीन रिमोटच. ऑर्डरचं बीन घ्या: तारीख, रक्कम, ग्राहक असे तीन गेटर (एकेक माहिती वाचून देणाऱ्या मेथड) म्हणजे नेटवर्कवर तीन फेऱ्या. दोन बीन्स एकाच जेव्हीएममध्ये (जावा प्रोग्रॅम चालवणाऱ्या व्हर्च्युअल मशीनमध्ये) असली तरी नियमानुसार पॅरामीटरची प्रतच जायची. म्हणून लोक सगळी माहिती एका ऑब्जेक्टमध्ये भरून एकाच कॉलमध्ये आणू लागले.

२००१च्या ईजेबी २.०नं लोकल इंटरफेस (त्याच जेव्हीएममधून कॉल करता येणाऱ्या मेथडची यादी) दिला. फरक फक्त वेगाचा नाही, आणि हे नीट समजून घ्यायलाच हवं. लोकल कॉलमध्ये रेफरन्स, म्हणजे मूळ ऑब्जेक्टचाच पत्ता जातो: बीननं लिस्टमध्ये एक नोंद वाढवली की कॉल करणाऱ्यालाही ती दिसते. तेच बीन रिमोट केलं की प्रत जाते. कॉल करणाऱ्याची लिस्ट जशीच्या तशी राहते, कोड कम्पाइल होतो, एररही येत नाही. असा बग शोधताना दिवस जातात.

२००६च्या ईजेबी ३.०मध्ये ॲनोटेशन्स आली, आणि साध्या बिझनेस इंटरफेसवर काहीच लिहिलं नाही तर तो लोकल धरला जाऊ लागला. २००९च्या ३.१नं लोकल वापरासाठी इंटरफेसची अटही काढली. क्लायंट दुसऱ्या जेव्हीएमवर असेल तर मात्र रिमोट इंटरफेस आजही लिहावाच लागतो.