क्लोजाचे गोल फक्त दुबळ्या संघांवर? नाही!

जर्मनीचा फुटबॉलपटू मिरोस्लाव क्लोजाच्या वर्ल्ड कपमधल्या 16 गोलांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, 'सौदी अरेबियासारख्यांना धुतलं म्हणून आकडा फुगला.' हे खोटं आहे, आणि या खेळाडूवर अन्यायही.

2002 मध्ये जर्मनीने सौदीला 8-0 हरवलं, त्यात क्लोजाचे 3 गोल होते, हे खरं. पण उरलेले 13? 2006 च्या उपांत्यपूर्व फेरीत अर्जेंटिना 1-0 ने पुढे असताना 80 व्या मिनिटाला बरोबरी साधणारा हेडर त्याचाच. 2010 मध्ये इंग्लंडविरुद्ध गोलकीपर नॉयरने मारलेली लांबलचक किक थेट पुढे आली. क्लोजाने बचावपटूला अंगाने रेटत, घसरत जाऊन चेंडू जाळ्यात ढकलला. त्यानंतर अर्जेंटिनावर दोन. 2014 च्या उपांत्य सामन्यात ब्राझीलविरुद्ध पहिला फटका अडवला गेला, परत आलेल्या चेंडूवर त्याने गोल केला आणि ब्राझीलच्या रोनाल्डोचा 15 गोलांचा विक्रम मोडला, तोही ब्राझीलच्याच मैदानात.

म्हणजे बाद फेरीतच 5 गोल, तेही अर्जेंटिना, इंग्लंड आणि ब्राझीलवर. यांना दुबळे कोण म्हणेल?

'नुसता हेडरवाला' हाही तसाच गैरसमज. 2002 चे पाचही गोल डोक्याने झाले, तिथून तो शिक्का बसला. इंग्लंड आणि ब्राझीलविरुद्धचे गोल मात्र पायाने केलेले आहेत.